हिचा उजवा हात

मी चौथी शिकलोय. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही अक्कल मला कुठल्या शाळेनं दिलेली नाही, ती माझी मलाच आहे. आणि यंदा दिवाळीनंतर गुरुग्रामला मुलाच्या घरी मी जे डोळ्यांनी बघितलं, त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

आधी आम्ही तिथं का होतो ते सांगतो. आमचं गाव कऱ्हाडच्या पलीकडं. तिथं माझी पिठाची गिरणी आहे. माझी म्हणजे माझीच, वडिलांची नव्हे, भावात वाटणी नाही, कुणाचा शेर नाही. चैत्रात आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, न्हाणीत घसरून पडली. उजवा खांदा मोडला. मुलगा विमानानं आला आणि आम्हां दोघांना उचलून घेऊन गेला. मी निघतानाच त्याला बजावलं होतं, हाड बसलं की त्या दिवशी परत. तो म्हणाला, "हो बाबा, बिल्कुल." हे बिल्कुल तो तिकडंच शिकला. घरात मराठी, पण मधूनमधून असे खडे लागतात.

गिरणीला कुलूप घालून किल्ली पुतण्याकडं दिली. बंद गिरणी म्हणजे काय असतं ते गिरणीवाल्यालाच कळतं. गिऱ्हाईक वाट बघत नाही. घरात पीठ संपलं की ते डबा उचलतं आणि पलीकडच्या आळीत जातं, आणि एकदा पाय तिकडं वळला की मग इकडं यायला त्याला लाज वाटते. मला चौदाव्या मजल्यावर बसून ते सगळं दिसत होतं. कोण कुठल्या वाटेनं डबा घेऊन चाललंय, हे मी तिथून सांगू शकलो असतो.

गणपतीच्या आधी परतायचं ठरवलं, तर हिचा खांदा ठणकायला लागला. दसरा धरला, तर परत ठणकला. डॉक्टर म्हणत होता, हाड जुळलंय, आता हात हलवा. पण ही हात पोटाशी धरूनच बसायची. खांद्याच्या वर न्यायला सांगितलं की तोंड वाकडं करायची. शेवटी मी जाहीर केलं, आता ठणको नाहीतर आणखी काही होवो, तुळशीचं लग्न लागलं की निघायचं. मुलानं दोन तिकिटं काढली.

आता एक गोष्ट सांगायची म्हणजे जरा अवघड आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हात वर जात नाही म्हटल्यावर हिला केस विंचरता येईनात. सूनबाई म्हणाली, "आई, मी घालून देत जाईन वेणी." पण सकाळी तिची ऑफिसची मीटिंग असते, ती कानात यंत्र घालून एकटीच बोलत घरभर फिरत असते. त्या गडबडीत तिला अडकवायचं हिला बरं वाटेना. नात म्हणाली, आजी, कापून टाक, बॉयकट मस्त दिसेल. मग मी म्हणालो, "आण इकडं फणी." आयुष्यभर गिरणीचा पट्टा चढवणारे हात माझे. पट्टा बसला तर वेणी का बसणार नाही?

बसली. पहिल्या दिवशी ही आरशात बघून म्हणाली, "अहो, पोत्याचं तोंड बांधलंय काय?" पण पुढं मला जमायला लागलं. तेल किती, गुंता खालून सोडवायचा, वरून ओढायचं नाही. रोज आंघोळ झाली की ही पलंगाच्या कडेला पाठ करून बसायची आणि मी मागं बसायचो. दार लोटलेलं असायचं. मुलासुनेला माहीत होतं, पण कुणी त्यावर बोलत नसे, आणि कुणी बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

दिवाळी झाली आणि तिकडची हवा नासली. दरवर्षीच नासते म्हणे. समोरचे मनोरे दिसेनात, सूर्य सकाळी दहाला पण पितळेच्या न घासलेल्या झाकणासारखा. शाळा बंद झाल्या. पोरांनी घराबाहेर खेळायचं नाही असा हुकूम निघाला. नात सहावीत आहे. ती घरात कोंडली गेली आणि तिनं दोन दिवसांत सगळ्यांना वैताग आणला. शेवटी मुलगा एक खोकं घेऊन आला. त्यातून एक काळी पट्टी निघाली, ती त्यानं टीव्हीच्या वर बसवली. पट्टीला पुढून काचेचे डोळे.

"बाबा, हा गेम आहे," मुलगा म्हणाला. "हातात काही धरायचं नाही. नुसतं समोर उभं राहायचं. आपण हललो की टीव्हीतला माणूस हलतो."

"दोरी कुठं आहे?" मी विचारलं.

"दोरी नाही, बाबा. तो कॅमेरा बघतो."

"मग मी खोकलो तर?"

"तर काही नाही. खोकला नाही कळत त्याला."

"म्हणजे अर्धवटच आहे."

नात म्हणाली, "आजोबा, प्लीज यार, आधी तुम्ही." मला यार म्हणते. मी आधी रागवायचो, आता सोडून दिलंय. मी उभा राहिलो. टीव्हीवर एक करड्या रंगाची सावली आली, डोकं, छाती, दोन हात. मी हात हलवला, तिनं हलवला. मला घाम फुटला, खोटं सांगत नाही. आपलं भूत आपल्यासमोर उभं राहून आपल्यासारखंच करतंय, हे काय बघायचं असतं होय? पण त्या सावलीला पाय नव्हते. कमरेच्या खाली नुसता एक ढीग, पेंढ्याच्या गंजीसारखा. मध्येच त्या ढिगाला तीन पाय फुटायचे, मध्येच एक.

नात जमिनीवर लोळून हसायला लागली.

"बाबा, त्याला धोतर कळत नाही," मुलगा म्हणाला. "ट्रॅकपँट घालता का माझी?"

"त्याला धोतर कळत नसेल तर त्यानं शिकावं," मी म्हणालो आणि खुर्चीत जाऊन बसलो. मी काय टीव्हीसाठी कपडे बदलणार? माझ्या मते त्या मशीनची लायकी तिथंच कळली. ज्याला धोतराच्या आत दोन पाय असतात एवढं समजत नाही, ते काय माणूस ओळखणार? हे मी मोठ्यानं बोलूनही दाखवलं. हे बोललो होतो, म्हणूनच पुढचा धक्का जास्त बसला.

नातीनं मशीनमध्ये घरातल्या प्रत्येकाचं एकेक बाहुलं करून ठेवलं होतं. मला दाखवलं. टोपी, पांढऱ्या मिशा, आणि नाक म्हणजे वांगंच.

"एवढं मोठं आहे का माझं नाक?" मी विचारलं.

"आहे," ही कोपऱ्यातून म्हणाली. ही शेंगा सोलत बसली होती, डाव्या हातानं.

मुलगा खेळला, सूनबाई खेळली. सूनबाईनं टेनिसात नवऱ्याला हरवलं आणि मुलगा म्हणाला खांब मध्ये आला. आमच्या हॉलमध्ये खांब नाही. मग नात आजीच्या मागं लागली.

"मला नको गं बाई. माझा हात कुठं वर जातो?"

"एकाच हातानं खेळ ना आजी. बॉक्सिंग आहे. ठोसे मारायचे फक्त. चलो, उठो, उठो."

"मारामारी? ह्या वयात?"

"उठा हो आई, जरा मजा," सूनबाई म्हणाली.

ही उठली. पदर कमरेला खोचला, तो पण डाव्या हातानं. उजवा पोटाशी. टीव्हीवर हिचं बाहुलं आलं, अंबाडा घातलेलं, चष्मा लावलेलं. नातीनं विचारलं, "आजी, समोर कोण पाहिजे?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं मलाच उभं केलं. टोपी, मिशा, वांगं. हातात लाल मोजे.

"अगं ए, हे काय?" ही ओशाळून हसली. "त्यांना कसं मारू?"

"ते खरे नाहीत, आजी!"

मी म्हणालो, "मार, मार. मला काय होतंय." मला वाटलं होतं, ही दोनदा हात हलवेल आणि बसेल. मंडळी माझ्या शब्दाबाहेर कधी गेली नाही, हात उगारणं तर सोडाच.

सुरुवातीला तिनं डावा हात नुसता हवेत थापला, भाकरी थापल्यासारखा. टीव्हीतला मी तसाच उभा. उलट मीच तिला एक ठोसा दिला. म्हणजे त्यानं दिला. हिचं बाहुलं मागं हेलपाटलं.

"अगं बाई, मारतात की हे!" ही म्हणाली.

आणि मग कायतरी झालं. हिनं पाय फाकवले. दुखऱ्या गुडघ्याचे पाय. मान खाली घातली आणि मारायला लागली. "घ्या," म्हणाली. "घ्या. आणखी पाहिजे? हे घ्या. ऐकायचं नाही ना कुणाचं? हे पण घ्या." मारतानासुद्धा अहोजाहो. मुलगा सोफ्यावरून खाली घसरला हसून. नात किंचाळत होती, "आजी, पोटात! पोटात दे!" टीव्हीतला मी मागं मागं सरकत होतो, टोपी उडाली होती, आणि मी खुर्चीत बसून ते बघत होतो. आपल्याला मार खाताना बघायची माझी आयुष्यातली पहिली वेळ. बायकोच्या हातून तर स्वप्नात पण नाही.

शेवटी मी पडलो. आडवा. डोक्याभोवती चांदण्या फिरायला लागल्या.

"मेलो काय मी?" मी विचारलं.

"नॉकआउट, आजोबा! तुम्ही खल्लास!"

ही धापा टाकत उभी होती. मग काय झालं कुणास ठाऊक, तिचा चेहरा एकदम बदलला. ती चार पावलं पुढं गेली, टीव्हीवर आडव्या पडलेल्या माझ्या पायांना बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला लावली. चुकून कुणाला पाय लागला की करतो ना आपण, तसं. नात ओरडली, "आजी, फ्रेमच्या बाहेर गेलीस, मशीनला दिसत नाहीस तू!" मुलगा म्हणाला, "अगं आई, बाबा इकडं बसलेत, खुर्चीत. पाया पडायचं तर इकडं पड." सगळे हसले. मी पण हसलो असतो. नमस्कार केला, झालं, मनात म्हणालो, शेवटी संस्कार तो संस्कार.

तेवढ्यात ही मागं आली, जागेवर उभी राहिली आणि नातीला म्हणाली, "परत कसं लावायचं गं?"

"अजून मारायचंय आजीला!" मुलगा परत घसरला.

"दोन्ही हात डोक्यावर धर," नात म्हणाली. "सरळ वर. तो गोल भरेपर्यंत खाली नाही आणायचे."

मी टीव्हीकडं बघत होतो. टीव्हीत हिच्या बाहुल्यानं दोन्ही हात वर केले. सरळ, ताठ, कानाला दंड लागलेले. वर एक हिरवा गोल हळूहळू भरायला लागला. मी म्हणालो, "बघा. चुकलं परत तुमचं मशीन. मघाशी मला पाय नव्हते, आता हिला दोन हात दाखवतंय. हिचा उजवा वर जातो कुठं?"

आधी सूनबाईचं हसू थांबलं. मी ते बघितलं, सगळ्यांच्या आधी तिचं थांबलं. मग मी मान वळवून खऱ्या माणसाकडं बघितलं.

मशीन चुकलेलं नव्हतं.

ही हॉलच्या मध्ये उभी होती, दोन्ही हात डोक्यावर, उजवा डाव्याच्या बरोबरीनं, बोटं छताकडं. चेहरा लाल, केस सुटलेले, सकाळी मीच बांधलेले. हिरवा गोल भरत होता आणि ती त्याच्याकडं एकटक बघत होती, एखादी पोरगी झाडावरचा आंबा बघते तशी. चालत्या गिरणीचा पट्टा तुटून हवेत उडतो तेव्हा जसा आवाज होतो, तसा आवाज माझ्या डोक्यात झाला.

"आई... हात," सूनबाई हळूच म्हणाली.

हिनं माझ्याकडं बघितलं. उजवा हात झटकन खाली आला आणि पोटाशी गेला. "आई गं," ती म्हणाली. पण ते तिला उशिरा सुचलं होतं.

टीव्हीत घंटा वाजली. टोपीवाला उठून उभा राहिला होता, मारून घ्यायला तयार.

मी चपला घातल्या आणि घराबाहेर पडलो. मुलगा मागून म्हणाला, "बाबा, मास्क!" मी लिफ्टमध्ये शिरलो. खाली उतरेपर्यंत माझं डोकं एकच हिशेब मांडत होतं. हात बरा आहे. हात बरा आहे तर आम्ही इथं का आहोत? खरं सांगायचं तर मला तेव्हाही उत्तर समोर दिसत होतं, पण मी ते उचलायला तयार नव्हतो. मला वाटलं, आजच बरा झाला असेल. मारता मारता बरा झाला असेल. माणूस धक्क्यात काय वाटेल ते मनाशी धरतो.

बाहेर हवा डोळ्यांना झोंबत होती, म्हणून मी खालच्या क्लबहाऊसमध्ये जाऊन बसलो. तिथं सोसायटीतल्या चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. रोज संध्याकाळी ही खाली जायची, त्याच ह्या बायका. मला वाटायचं, ही गुपचूप एका बाकावर बसून येत असेल. हिला हिंदी कुठं येते?

त्यातली एक पंजाबी बाई, अंगानं भारी, मला म्हणाली, "नमस्ते भाईसाहब. आज दीदी नहीं आईं? ताली कौन करवाएगा?"

"कसली ताली?" मी विचारलं. मराठीतच विचारलं.

तिला कळलं. तिनं दोन्ही हात वर नेले आणि डोक्यावर टाळी वाजवून दाखवली. "ऐसे. दीदी ही तो करवाती हैं हमको. मेरे कंधे उन्होंने ही ठीक किए." दुसरी म्हणाली, "बड़ी सख़्त हैं. हाथ नीचे आया तो डाँटती हैं." आणि त्या हसायला लागल्या.

माझी बायको सख्त. माझी बायको चार परमुलुखातल्या बायकांना रागवते, आणि त्या ऐकतात. मग त्या पंजाबी बाईनं शेवटचा घाव घातला, आणि तिला बिचारीला ते माहीत पण नव्हतं. म्हणाली, "अच्छा हुआ आप लोगों ने जाने का कैंसिल कर दिया. दीदी बता रही थीं, मैं नहीं जा रही."

हिनं मला सांगायच्या आधी हे हिंदीत सांगितलं होतं.

मी वर आलो. हॉलमध्ये टीव्ही बंद होता. मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसलेला, सूनबाई स्वयंपाकघरात उगाच भांडी इकडची तिकडं करत होती. मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती कधी खोटं बोलत नाही, पुण्याची आहे पण बोलत नाही. म्हणाली, "हो बाबा. आईंनी शपथ घातली होती."

"आणि तू रे?" मी मुलाला विचारलं.

"मला नक्की माहीत नव्हतं, बाबा. डाउट होता."

म्हणजे घरात, सोसायटीत, सगळ्यांना माहीत. एकटा मी सोडून. आणि माझ्या हातात रोज फणी.

ही आमच्या खोलीत पलंगावर बसली होती. मी दार लोटलं.

"कधीपासनं बरा आहे?"

"गणपतीपासनं." लगेच सांगितलं. एवढं पण लपवलं नाही आता.

"गणपती! आणि मग दसऱ्याला ठणकला तो काय?"

"ठणकला नव्हता."

"खोटं बोललीस माझ्याशी?"

"बोलले."

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पलंगपोसाचा दोरा ओढत बसली होती आणि आवाज अगदी साधा होता, दूध आलं का विचारताना असतो तसा.

"का?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी बॅग काढली असती."

"काढलीच असती. आपलं घर आहे तिकडं. गिरणी आहे."

"गिरणी तुमची आहे," ती म्हणाली. "सकाळपासनं तुमच्याकडं माणसं येतात. डबा ठेवतात, बसतात, गावाच्या बातम्या सांगतात. त्यांचा चहा आत होतो. आत मी असते आणि गिरणीचा आवाज असतो. त्या आवाजात मला शेजारीण हाक मारते ती पण ऐकू येत नाही. इथं मी खाली उतरले की मला हाका मारतात."

"कुठल्या भाषेत मारतात?"

"कुठल्या का मारेनात. मला ऐकू येतात."

"आणि मी? मला इथं कोण हाक मारतं? वॉचमन?"

ती म्हणाली, "ते मला दिसतं. म्हणून तर तोंडानं सांगवेना. तुम्हाला जायचं तर जा. पुतण्याची बायको डबा देईल. माझं तिकीट काढून टाका."

आमच्या लग्नाला पन्नाशी उलटून गेली. एवढ्या काळात 'तुम्ही जा, मी येत नाही' हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलेलं नव्हतं. मघाचे ठोसे परवडले. मला बोलता येईना, आणि बोलता येत नाही म्हटल्यावर मला राग आला, आणि रागात मला जे सगळ्यात जास्त टोचत होतं ते बाहेर पडलं.

"बरं, यायचं नव्हतं, हे समजलं. पण हात बरा होता तर केस? रोज माझ्यापुढं पाठ करून बसत होतीस ते कशाला? मला येडं करायला? मी म्हातारा माणूस रोज तुझा गुंता सोडवत बसतोय आणि तुझे दोन्ही हात धडधाकट! एकदा तरी म्हणायचं, राहू द्या, आज मी घालते. म्हणायला काय जात होतं?"

तिनं दोरा सोडला. खिडकीकडं बघितलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता धूर.

"ते मला आवडायचं," ती म्हणाली.

आमच्यात असलं बोलायची पद्धत नाही. आमच्या वडिलांच्यात नव्हती, आमच्यात नाही. भाजी चांगली झाली तर आम्ही आणखी वाढ म्हणतो, आवडली म्हणत नाही. त्यामुळे ह्या बोलण्यावर काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी उठलो, बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि पाण्याकडं बघत उभा राहिलो. केवढं पाणी गेलं कुणास ठाऊक. मुलानं दार वाजवलं, "बाबा, ठीक आहात ना?" मी म्हणालो, "तोंड धुतोय." खरं म्हणजे मी तोंडाला पाण्याचा हात पण लावला नव्हता.

नंतर पुतण्याला फोन केला. त्यानं सांगितलं गिरणी ठीक आहे, कुलूप ठीक आहे, उंदरानं एक वायर कुरतडली होती ती बदलली. मग विचारलं, "काका, येताय ना तुळशीच्या लग्नानंतर?" मी म्हणालो, आवाज येत नाही, आणि ठेवून दिला. आवाज चांगला येत होता.

जेवायला सगळे एकत्र बसलो. नात नेहमीसारखी बडबडत नव्हती, तिला वाटत होतं तिच्या गेममुळं भांडण झालं. ही तिच्याशेजारी बसली होती, उजव्या हातानं जेवत. ती रोज उजव्याच हातानं जेवते, पण त्या दिवशी मला तो हात वेगळाच दिसत होता, कुणीतरी नवीन पाहुणा घरात आल्यासारखा.

मुलानं घसा साफ केला. "बाबा, ते स्टेशनला कॅब सांगायचीय. पहाटेची गाडी आहे, तर आधीच सांगून ठेवतो."

"ह्या दिवसांत गाडीला फार गर्दी असते," मी म्हणालो.

"बाबा, आपलं रिझर्वेशन आहे. एसीचा डबा. त्यात कुठली गर्दी?"

"मी म्हणतोय ना गर्दी असते."

"पण..."

"आणि तिकडं आता थंडी पडली असेल," ही ताटाकडं बघत म्हणाली.

"दिल्लीपेक्षा जास्त?" नातीनं विचारलं.

"संक्रांतीनंतर बघू काय ते," मी म्हणालो. गिरणी मी विकणार नाही. ती माझी आहे आणि ती मीच चालू करणार, हे मी तेव्हाही मनात म्हणालो आणि आताही लिहून ठेवतो. पण संक्रांत काही लांब नसते.

सूनबाईनं मला न विचारता आमटी वाढली. मुलानं फोन काढला, अंगठा फिरवला आणि मान वर करून विचारलं, "मग बाबा, एक तिकीट रद्द करू का दोन्ही?"

एवढा इंजिनिअर झाला, पण कुठं काय विचारावं हे गाढवाला कळत नाही. सगळ्यांचे हात ताटातच थांबले. ही पण थांबली.

"दोन्ही," मी म्हणालो. "गर्दी काय एकट्यालाच होते?"